घर विकून आईस्क्रीमचं मशीन घ्यायचं का? खर्डीच्या ताईंच्या तीन प्रश्नांची उत्तरं



मागच्या महिन्यात खर्डीहून एका ताईंचा फोन आला. मिस्टर रोज कसारा लोकलने कल्याणला कामाला जातात. ताई घरी आईस्क्रीम बनवतात. आंब्याचं, सीताफळाचं. वाडीत कुणाकडे हळद असली, बारसं असलं की यांनाच ऑर्डर. आता त्यांना धंदा मोठा करायचाय. त्यांनी एका दमात तीन प्रश्न विचारले.

"सर, एक तर माझं आईस्क्रीम दुसऱ्या दिवशी खडे खडे का लागतं? दुसरं, आम्ही जुना डीप फ्रीजर घेतलाय, तो रात्री टक टक आवाज करतो, सासूबाईंची झोप मोडते. आणि तिसरं, गावातलं जुनं घर विकून मोठं मशीन घेऊ का?"

तिसरा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला. खरा प्रश्न तोच होता. म्हणून आजचा लेख. हा फक्त ताईंसाठी नाही. शहापूर, मुरबाड, वाडा, कुठेही राहून घरातून खाण्याचा पदार्थ विकायचा विचार करत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी समजून घ्या: तुम्ही विकताय काय?

तुम्ही म्हणाल आईस्क्रीम. मी म्हणतो, तुम्ही थंडावा विकताय. दूध, साखर, आंबा हे सगळ्यांकडे आहे. तो माल घट्ट आणि मऊ अशा अवस्थेत गिऱ्हाइकाच्या हातात पोहोचवणं, हा खरा धंदा. लोणचं आज नाही खपलं तर महिन्याने खपेल. आईस्क्रीमचं तसं नाही. लाईट गेली, फ्रीजर बंद पडला, की तुमचं भांडवल वाटीत दूध होऊन बसतं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की तिन्ही प्रश्न सुटायला लागतात.

प्रश्न १: आईस्क्रीम खडे खडे का लागतं?

ते खडे म्हणजे बर्फाचे स्फटिक. मिश्रण हळूहळू गोठलं की स्फटिक मोठे होतात आणि जिभेला टोचतात. झटपट आणि ढवळत ढवळत गोठलं की स्फटिक बारीक राहतात, मध्ये हवा शिरते, आईस्क्रीम मऊ लागतं. आपल्या आजोबांच्या काळचा लाकडी बादलीचा पॉट हेच काम करायचा. बाहेर बर्फ आणि खडं मीठ, आत डबा, वर हँडल. बर्फात मीठ मिसळलं की तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. मीठ-बर्फाचं मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. आपण फ्रीजरमध्ये डबा नुसता ठेवून देतो, ढवळत नाही. मग खडे होणारच.

दुसरं कारण म्हणजे मिश्रणात पाणी जास्त आणि घट्ट पदार्थ कमी. इथे थोडं गणित करू, कारण हेच गणित तुम्हाला कायद्यातही लागणार आहे. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा मानकांनुसार नुसतं 'आईस्क्रीम' या नावाने विकायचं असेल तर त्यात दुधाचं फॅट किमान १० टक्के आणि एकूण घन पदार्थ किमान ३६ टक्के लागतात. एक लिटर आईस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे नुसती हवा भरून विकता येत नाही. वनस्पती तेल वापरलं तर ते 'फ्रोझन डेझर्ट', त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही.

हे माप धरून बघा:

- म्हशीचं दूध १ लिटर
- पाकिटातली फ्रेश क्रीम (२५ टक्के फॅटची) ४०० ग्रॅम
- साखर २०० ग्रॅम
- दूध पावडर ५० ग्रॅम
- कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम

दूध आटवून पाव लिटर पाणी उडवा. थंड दुधात कालवलेलं कॉर्नफ्लोअर, पावडर, साखर घालून पुन्हा नीट उकळी द्या. क्रीम घालून गरम करा. मग पातेलं गार पाण्यात ठेवून लवकर थंड करा आणि फ्रीजमध्ये किमान चार तास, जमलं तर रात्रभर मुरू द्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग बाजारातून महागडी पावडर आणतात. मुरल्यावर मिश्रण दाट होतं, हवा धरून ठेवतं.

यात साधारण साडेअकरा टक्के फॅट आणि साडेसदतीस टक्के घन पदार्थ बसतात. म्हणजे पास. पण यात आंब्याचा गर पाव किलो तसाच ओतला तर फॅट दहाच्या किंचित खाली आणि घन पदार्थ ३५ टक्क्यांवर येतात. म्हणजे नापास! उपाय सोपा आहे. गर आधी मंद आचेवर आटवून दीडशे ग्रॅम करा, गार करा, मग घाला. दोन्ही आकडे पुन्हा वर येतात आणि आंब्याची चवही गडद होते. फॅट दहाच्या खाली आणि अडीचच्या वर राहिलं तरी विकता येतं, पण मग 'मीडियम फॅट' असं सांगून विकावं लागतं.

आता पॉटमध्ये फिरवा. पॉट नसेल तर पसरट डब्यात गोठवा आणि दर पाऊण तासाने बाहेर काढून बीटरने फेटा, तीन-चार वेळा.

दोन सूचना लक्षात ठेवा. एक, करवंदासारखा आंबट गर गरम दुधात घालू नका, दूध फाटेल. करवंदं साखरेत शिजवा, गाळा, गार करा आणि मुरलेल्या थंड मिश्रणात घाला. दोन, वितळलेलं आईस्क्रीम पुन्हा गोठवून विकू नका. खडे तर होतातच, पण कोमट दूध म्हणजे जंतूंचं माहेर. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. लग्नातल्या दोनशे माणसांची पोटं बिघडली तर तुमचं नाव पुन्हा उभं राहणार नाही.

पाण्याचंही बोलायला हवं. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं शहापूर तालुक्याच्या आसपासची, पण एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर येतो. आणि आईस्क्रीमचा सीझन नेमका तोच. टँकरचं पाणी असेल तर भांडी धुतल्यावर शेवटचं पाणी उकळलेलं वापरा. बर्फ विकत घेतला तर तो फक्त डब्याच्या बाहेर. निळसर बर्फ तर खाण्याचा नसतोच, तो ओळखू यावा म्हणूनच रंग घातलेला असतो.

प्रश्न २: फ्रीजर रात्री आवाज का करतो?

ताईंना वाटलं हा झोपेचा प्रश्न आहे. हा मालाचा प्रश्न आहे. फ्रीजरचा आवाज ओळखायला शिका, तो तुम्हाला आधी सांगून ठेवतो.

सलग घूं घूं. कॉम्प्रेसर चालू आहे, ठीक आहे. पत्र्याच्या घरात तो घुमतो. फ्रीजर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पायाखाली रबराचे तुकडे द्या, चारही पाय समान टेकलेत का बघा, वर ठेवलेली ताटं-परात खाली काढा. निम्मा आवाज तिथेच जातो.

बुडबुड किंवा सळसळ. पाईपमधून गॅस फिरतोय. काळजी नको.

मधूनच कडक् असा आवाज. थंडीने प्लास्टिक आणि बर्फ आकसतो, प्रसरण पावतो. काळजी नको.

टक्... मग थोडी शांतता... पुन्हा टक्. हा ताईंच्या फ्रीजरचा आवाज! कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, जमत नाही, आणि त्याचं संरक्षण करणारा छोटा भाग त्याला बंद करतो. पुन्हा प्रयत्न, पुन्हा टक्. गावाकडे याचं मोठं कारण म्हणजे कमी व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांचे पंखे-पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. असाच चालू ठेवला तर कॉम्प्रेसर जळू शकतो. ताबडतोब बंद करा, वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्या, कमी असेल तर फ्रीजरच्या मापाचा स्टॅबिलायझर बसवा. व्होल्टेज बरोबर असूनही टक टक होत असेल तर मेकॅनिक बोलवा. रिले किंवा कपॅसिटर गेला असेल तर खर्च थोडा, पण कॉम्प्रेसर गेला तर जुन्या फ्रीजरची किंमत शून्य.

कधीच न थांबणारा आवाज. कुठून तरी थंडी गळतेय. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे. आत बर्फाचा जाड थर असेल तर काढा. फ्रीजर तापलेल्या पत्र्याखाली किंवा चुलीशेजारी असेल तर हलवा.

आणि सगळ्यात वाईट आवाज कोणता? शांतता. लाईट गेली. पावसाळ्याच्या तोंडावर, वादळवाऱ्यात आपल्याकडे हे ठरलेलंच. म्हणून आधीच तयारी ठेवा. फ्रीजरमध्ये रिकामी जागा सोडू नका. लिटरभर पाण्यात ५०-६० ग्रॅम मीठ विरघळवून बाटल्या पाऊण भरा आणि मोकळ्या जागेत गोठवून ठेवा. साध्या पाण्याचा बर्फ शून्य अंशाला वितळतो, तोवर आईस्क्रीम मऊ झालेलं असतं. मिठाच्या पाण्याचा बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो आणि तेव्हाच थंडी सोडतो. लाईट गेल्यावर वरून गोधडी टाका आणि दार उघडू नका. 'बघू तरी किती वितळलं' हा मोह सगळ्यात महाग पडतो.

शेजाऱ्यांचाही विचार करा. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चांगला फ्रीजर त्रास देत नाही, पण रात्री अकराला मिक्सर लावाल तर भांडण होणारच. आणि घरच्या मीटरवर धंद्याचा फ्रीजर चालतो का, लोड वाढवावा लागतो का, हे महावितरणच्या ऑफिसात आधी विचारून घ्या.

प्रश्न ३: घर विकून मशीन घेऊ का?

नाही. आत्ता तर अजिबात नाही. का ते आकड्यात बघू. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारभावाने पुन्हा मांडा.

वरच्या मापाला साधारण २७० रुपयांचा माल लागतो, आंबा आणि गॅस धरून. त्यात ८० मिलीचे २० कप होतात. म्हणजे कपाला साडेतेरा रुपये. कप, झाकण, चमचा अडीच रुपये. झाले १६. विकायचा २५ ला.

दिवसाला ४० कप बनवले. खर्च ६४० आणि विजेचे २० धरा. सगळे खपले तर १००० रुपये आले, हातात ३४० राहिले. आणि १० कप वितळले तर? ७५० आले, हातात राहिले फक्त ९०. दहा कपांनी जवळजवळ तीन चतुर्थांश नफा खाल्ला!

आता सांगा, मोठं मशीन यातला कुठला आकडा सुधारतं? मशीन तुम्हाला ४० च्या जागी ४०० कप बनवून देईल. पण गिऱ्हाईक आणून देणार नाही, आणि वितळणं थांबवणार नाही. शिवाय आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये ढग उतरले की थंड खाणारा गिऱ्हाईक कमी. चार महिने पळणारं मशीन आठ महिने झाकून ठेवायचं, आणि त्यासाठी घर?

घर विकण्यातही वेळ आणि कटकटी आहेत:

- गावठाणातल्या घराला लोक 'आमच्या नावावर आहे' म्हणतात आणि नमुना ८ चा उतारा दाखवतात. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. गावाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती काढून घ्या.
- घर वडिलोपार्जित असेल तर भावांबरोबर बहिणींचाही हिस्सा आहे. २००५ च्या कायदा दुरुस्तीपासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सगळ्यांच्या सह्या लागतील.
- जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार सरकारी परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. 'मी बघतो, करून देतो' म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा.
- घर विकून झालेला नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर आयकरात सवलत मिळते. मशीनमध्ये घातला तर ती सवलत नाही. सीएला विचारल्याशिवाय सही करू नका.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाईने विकणाऱ्याला भाव मिळत नाही. सीझनच्या आत पैसे हवेत हे समोरच्याला कळलं की तो पाडूनच मागणार.

मग जुन्या घराचं काय करायचं? ताईंना मी तेच विचारलं. "ते घर रिकामं आहे ना? पक्कं आहे? वीज आहे?" आहे म्हणाल्या. मग तोच तुमचा कारखाना! फरशी धुता येईल अशी करा, जाळी लावा, पाण्याची टाकी ठेवा, फ्रीजर तिकडे न्या. सासूबाईंची झोपही वाचेल. फक्त तिथे फ्रीजरची हाक ऐकायला कुणी नाही, म्हणून रात्री एक चक्कर आणि पाच-सातशे रुपयांचा तापमान दाखवणारा मीटर हवा. जे घर विकायला निघालात तेच तुमचं भांडवल आहे, फक्त न विकता.

मग वाढायचं कसं? चार पायऱ्या

पायरी १: आधी ऑर्डर, मग माल. लग्नसराई आणि आईस्क्रीमचा सीझन एकच. हळदीच्या, साखरपुड्याच्या ऑर्डर निम्मा ॲडव्हान्स घेऊन करा. आदल्या दिवशी बनवा, थर्माकोलच्या पेटीत मीठ-बर्फात पोहोचवा. यात उरणं नाही, वितळणं नाही.

पायरी २: कागद करा. घरातून विकलं तरी अन्न सुरक्षा नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला साधी नोंदणी आणि १०० रुपये वार्षिक फी ठेवली होती. मर्यादा आणि फी बदलत असतात, म्हणून अर्ज करताना फॉस्कॉस पोर्टलवर आजचा नियम बघा. जीएसटीचं एक मात्र लक्षात ठेवा. वस्तू विकणाऱ्यांना महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे असं तुम्ही ऐकलं असेल. आईस्क्रीम बनवणाऱ्याला ती ४० लाखांची सूट नाही, त्याची मर्यादा २० लाख. कंपोझिशन योजनाही आईस्क्रीम बनवणाऱ्याला मिळत नाही. आईस्क्रीमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, ही त्यातली चांगली बातमी.

पायरी ३: पैसे लागले तर घराआधी बँक. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. चांगला फ्रीजर आणि स्टॅबिलायझर त्यात बसतो. पुढे मोठं करायचं तर २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज चालू आहेत का ते शहापूरच्या तालुका कृषी कार्यालयात विचारा. बचत गटात असाल तर गटामार्फत विचारा.

पायरी ४: तुमची चव शोधा. व्हॅनिला आणि बटरस्कॉचमध्ये कंपन्यांशी भांडू नका, हराल. रघुनंदन कामत हे मंगळूरकडच्या फळविक्रेत्याचा मुलगा. त्यांनी १९८४ साली मुंबईत जुहूला छोटं दुकान टाकलं. आईस्क्रीम खायला लोक येतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून सोबत पावभाजी ठेवली. तिखट खाल्लं की गार हवंच! आणि आईस्क्रीम कशाचं? खऱ्या फळांचं. त्यातून 'नॅचरल्स' उभं राहिलं. वडिलांकडून फळं ओळखायला शिकले, तेच त्यांचं भांडवल ठरलं.

आता तुमच्याकडे बघा. खर्डीच्या आसपासच्या रानात एप्रिल-मेमध्ये करवंदं, पावसाच्या तोंडावर जांभळं, अंगणात आंबा-फणस. कसारा लाईनवर द्रोणात करवंदं विकणाऱ्या बाया तुम्ही रोज बघता. त्यांच्याकडूनच रोख पैसे देऊन फळ घ्या. जांभळाचा गर सीझनमध्ये काढून गोठवून ठेवा. जांभूळ आईस्क्रीम हायवेच्या ढाब्यावर गाडी थांबवून खाणाऱ्या मुंबईकराला रोज मिळत नाही. ढाब्यावाल्याला सांगा, 'चार दिवस दहा कप ठेवा, खपले तर पैसे द्या.' त्याच्याकडे फ्रीजर आहे, तुमच्याकडे चव आहे.

आता तुम्ही काय करायचं?

येत्या तीस दिवसांसाठी एक वही घ्या. रोज चार आकडे लिहा: किती बनवले, किती खपले, किती वितळले, लाईट किती तास गेली. तीस दिवसांनंतर 'खपले'चा आकडा रोज 'बनवले'ला टेकतोय आणि गिऱ्हाईक परत जातंय, तरच मशीनच्या दुकानात जा. तेही आधी छोटं, शक्यतो सेकंडहँड, आणि चालू करून बघून.

ताईंनी त्या दिवशी फोन ठेवताना विचारलं, "म्हणजे घर नको विकू?" मी म्हटलं, "ताई, आधी स्टॅबिलायझर घ्या." त्या हसल्या. चार दिवसांनी मेसेज आला की टक टक थांबली, आणि मेच्या दोन हळदींचा ॲडव्हान्स आला.

तुमच्या वहीतले तीस दिवसांचे आकडे मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण कपाची किंमत कशी ठरवायची ते वहीवर मांडून बघणार आहोत. तोपर्यंत, कामाला लागा!